अख्खं बकरं एकाच्या दारात

आमचा आठवडी बाजार गावाबाहेर हलवायचा ठराव नगरपंचायतीनं किती वेळात केला ते मला विचारा. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसलो होतो. बोकडाचं तोंड उघडून दात बघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झाला.

अध्यक्षांना सगळं गाव साहेब म्हणतं. साहेबांनी विषय चष्मा न लावताच वाचला, म्हणजे वाचला नाहीच, पाठ होता. बाजार बायपासच्या पलीकडं न्यायचा आणि रिकाम्या झालेल्या मैदानावर व्यापारी संकुल बांधायचं. "मंजूर?" सतरा नगरसेवकांपैकी पंधरा त्यांच्याच पॅनेलचे. पंधराही जण एका सुरात म्हणाले, "मंजूर." उरलेल्या दोघांपैकी एक दवाखान्यात होता आणि दुसरा म्हणतो, मला सभेची नोटीसच मिळाली नाही.

मी उभा राहिलो. "साहेब, तीनशे माणसं पोट भरतात त्या मैदानावर. त्यातल्या एकाला तरी विचारलं का?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते वीस वर्षांपासून ओळखतात. तरी म्हणाले, "आपण कोण?"

"बाजारात शेळ्या-बोकडं विकणारा."

"मग बाजारात बसा की. हे सभागृह आहे. लोकांनी तुम्हाला पाडलंय, विसरलात का?"

सगळे हसले. शिपायानं माझं कोपर धरलं. मी कोपर सोडवून घेतलं आणि बाहेर पडताना दार असं ओढलं की त्याची काच फुटली. तिथं अजून पुठ्ठा लावलेला आहे. काचेबद्दल मला वाईट वाटतं, बाकी कशाबद्दल नाही.

पण तो शब्द डोक्यात राहिला. पाडलंय. आपल्या भाषेत मतही पडतं आणि माणूसही पडतो. मला मतं पडली आणि मी पडलो. मग मला पडलेली मतं गेली कुठं?

आधी माझं सांगतो. नांदेडहून लातूरला जाणारी एसटी आमच्या गावात दहा मिनिटं थांबते, तेवढंच आमचं गाव लोकांना माहीत. माझ्या बापाला जमीन नव्हती. मी दहाव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या शेळ्या अर्धलीनं राखायचो, म्हणजे शेळी मालकाची, राखण माझी, आणि होईल त्या करडात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्या दोन करडांवरून मी हेडी झालो. हेडी म्हणजे जनावरं घेऊन विकणारा. किनवटच्या जंगलपट्टीतल्या गावांतून माल आणायचा आणि आमच्या मंगळवारच्या बाजारात विकायचा. शाळा सातवीपर्यंत. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही आणि मला कुणी फसवलंही नाही. फसवलं ते एकदाच, नगरपंचायतीच्या गेल्या निवडणुकीत, आणि तेही कायद्यानं.

आमच्या वार्डात तिघं उभे होतो. एक साहेबांच्या पॅनेलचा. तो माझ्या शेजारी राहतो, पहिलीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. दुसरा विरोधी पॅनेलचा. तिसरा मी, अपक्ष. शंभरातली अडतीस मतं शेजाऱ्याला, चौतीस मला, अठ्ठावीस विरोधकाला, अशी साधारण विभागणी झाली. शेजाऱ्याच्या दारात गुलाल उडाला. वार्डातल्या शंभरांपैकी बासष्ट जणांना तो नको होता, आणि तरी वार्ड अख्खा त्याचा. साऱ्या गावात असंच झालं. गावातल्या दहातल्या चार मतांवर साहेबांच्या पॅनेलला सतरातल्या पंधरा जागा.

खरं सांगायचं तर त्याच्या आधीच्या खेपेला मी साहेबांच्याच बाजूनं फिरलो होतो. तेव्हाही असाच निकाल लागला होता, आणि तेव्हा मला हे गणित सुचलं नव्हतं. जिंकणाऱ्याला गणित सुचत नाही. हे मी माझ्याविरुद्धच लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधत बसायला नको.

आणखी एक दुखणं आहे. आमच्याकडं आधी ग्रामपंचायत होती. ग्रामसभा चावडीपुढं भरायची. सगळं ठीकच चालायचं असं नाही, शिव्या व्हायच्या, एकदा चप्पलही फेकली गेली होती. पण कुणीही उठून सरपंचाला विचारू शकायचं की पाण्याच्या टाकीचं काय झालं, आणि सरपंचाला काहीतरी सांगावं लागायचं. मग गाव मोठं झालं. पाटी बदलली, नगरपंचायत आली. आम्ही पेढे वाटले. पेढे खाताना कुणाच्या लक्षात आलं नाही की ग्रामसभा गेली. कायद्यात शहरांसाठीही तसल्या सभेची सोय आहे असं एक वकील म्हणाले, पण आमच्या गावात ती कधी कुणी बोलावलेली मी पाहिली नाही. आता आम्ही पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मधल्या काळात बाकावर बसून ऐकायचं. बोललं की शिपाई कोपर धरतो.

ठराव झाला तेव्हा श्रावण संपत आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कर असते. महिनाभर श्रावण पाळलेली माणसं त्या दिवशी मटण खातात. आमच्या गल्लीत त्या दिवशी वाटे घालतात. आठ-दहा घरं मिळून एक बकरं घ्यायचं, कापायचं आणि पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे. कुणाचा एक वाटा, कुणाचा अर्धा, माणसं जास्त असतील तर दीड. वाटे घालणं हे काम सोपं नाही. प्रत्येक पानावर थोडं मऊ मांस, थोडं हाड, थोडी चरबी आणि काळजाचा एक तुकडा तरी आलाच पाहिजे. काळीज एकाच्याच पानावर गेलं तर भांडण. अर्धा वाटा असला तरी त्यात काळजाचा अर्धा तुकडा पाहिजे. मग एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठ फिरवलेल्यानं न बघता नाव घ्यायचं. म्हणजे कुणी म्हणू नये की चांगला वाटा आपल्या माणसाला दिला.

बकरं दरवर्षी मीच आणतो. त्या करीला सकाळी मी बोकड आणला आणि कापायच्या जागी न नेता शेजाऱ्याच्या दाराच्या कडीला बांधला.

तो बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. "हे काय करून राहिलास?"

"घे. अख्खं तुझं."

"कामून?"

"गल्लीत सगळ्यात मोठा वाटा कुणाचा? तुझा. तू दीड घेतोस, बाकीचे एक न् अर्धा. ज्याचा वाटा सगळ्यात मोठा त्याला अख्खं बकरं, बाकीच्यांनी हात धुवून घरी जायचं. तुमच्याच निवडणुकीचा नियम हाय."

"सकाळी सकाळी पिऊन आलास का रे?"

तोवर गल्ली जमली. कुणाच्या हातात पातेलं, कुणाच्या हातात डबा. माझी बायको दारातूनच म्हणाली, "ह्यांना सणाच्या दिवशी तरी गप बसवंल का." मी ऐकलं नाही. बोकड दोरी ताणून शेजाऱ्याच्या तुळशीपर्यंत पोचला आणि ती खायला लागला. तेव्हा शेजाऱ्याची आई बाहेर आली. तिला मी लहानपणापासून काकू म्हणतो. तिच्या हातची भाकर मी माझ्या घरच्यापेक्षा जास्त खाल्ली असेल.

"आरं मुडद्या," ती म्हणाली, "महिनाभर श्रावण पाळला म्या. माह्या तोंडचा घास अडवून राहिलास व्हय?"

"काकू, तुमच्या लेकाला शंभरातल्या अडतीस मतांवर अख्खा वार्ड मिळाला. मला चौतीस होती. मला काय मिळालं?"

"तुला काय पायजे मग? मुंडी?"

"द्या ह्याला मुंडी," मागून कुणीतरी ओरडलं, "लई डोकं चालवून राहिला!"

गल्ली हसली. शेजाऱ्याला धीर आला. त्यानं ब्रश काढला, चूळ भरली आणि समजावल्यासारखं म्हणाला, "गड्या, निवडणूक वेगळी, बकरं वेगळं."

"काय वेगळं?"

"बकरं सगळ्यांनी मिळून आणलंय."

"आणि गाव? गाव तुम्ही पंधरा जणांनी आणलं का?"

तो वळून बोकडाला तुळशीपासून हुसकायला लागला. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत मलाही माझं म्हणणं नीट कळलं नव्हतं. मी चिडून बोकड बांधला होता, विचार करून नव्हे. पण पातेली घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडं बघितल्यावर कळलं की अख्खं बकरं एकाला देणं यातल्या कुणालाच, सहा वर्षांच्या पोरीलासुद्धा, पटणार नाही. अर्धा वाटा घेणाऱ्या विधवेच्या पानावर काळीज आलं नाही तर हीच माणसं वाटे घालणाऱ्याचा हात धरतील. आणि हीच माणसं मतमोजणीच्या दिवशी गुलाल लावून नाचली होती.

काकू म्हणाली, "खरं बोलून राहिला त्यो. पण बकरं सोड आधी. तुळस खाल्ली माही."

मी सोडलं. वाटे झाले. त्या वर्षी पाठ फिरवून नावं घ्यायला शेजारी उभा राहिला होता. त्याचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता.

दुपारी तो वाटीत रस्सा घेऊन माझ्या ओट्यावर आला. घरात सगळं शिजलेलं असताना रस्सा कशाला आणला ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणाला, "तुला वाटतं आम्ही पंधरा जण मिळून ठरवतो. आम्ही पंधरा जण हात वर करतो. बाजाराचा विषय मला सभेत बसल्यावर कळला."

"मग बोलला का नाहीस?"

"पुढच्या खेपेला तिकीट कोण देईल? तू?"

मी त्याला दोन शिव्या दिल्या. रस्सा खाल्ला. तिखट कमी होतं.

त्याच आठवड्यात नगरपंचायतीतल्या एका लिपिकानं मला गाठलं. भला माणूस, पण भित्रा. किराणा दुकानात साखर घेत असल्यासारखं करत हळू आवाजात म्हणाला, "ठरावावर हरकती मागवल्यात. महिनाभर मुदत आहे. जाहिरात दिलीय, पण तो पेपर आपल्या गावात येत नाही."

ते दुकान अप्पांचं. अप्पा म्हणजे आमच्या बाजारातले सगळ्यात जुने किराणावाले, लिंगायत, गळ्यात लिंग, मटणाचा वासही चालत नाही. पण करीच्या दिवसाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते आठवडाभर हसत होते. अप्पांनी लिपिकाला विचारलं, "का हो, तुमच्या कायद्यात हे वाट्याचं गणित कुठंच नाही?"

लिपिक म्हणाला, "आहे ना. नगरसेवक निवडून आले की स्वीकृत सदस्य घेताना, समित्या करताना, जागा तौलनिक संख्याबळानं वाटतात. ज्याचे जितके नगरसेवक तितका त्याचा हिस्सा."

मी ते दोनदा म्हणायला लावलं. तौलनिक. तोलून. म्हणजे आपसात वाटायची वेळ आली की त्यांच्याकडं तराजू आहे. आमचं मत घेताना तेवढा तराजू नाही. तिथं फक्त पुढं कोण गेलं ते बघायचं आणि मागच्यांना घरी पाठवायचं. माझं डोकं फिरलं. अप्पांनी माझ्या हातात गूळ ठेवला. ते नेहमी असंच करतात.

माझं म्हणणं साधं आहे आणि मी ते तेव्हापासून ज्याला त्याला सांगतो. दहातली चार मतं मिळाली तर सतरातल्या सात जागा घ्या. तीन मिळाली तर पाच घ्या. उरल्या त्या उरलेल्यांना. आमच्यासारख्या सुट्या माणसांनीही एकत्र येऊन यादी द्यावी आणि आपल्या मापानं जागा घ्याव्यात. मग कुणालाही एका "मंजूर"मध्ये तीनशे माणसं उठवता येणार नाहीत. दुसऱ्याला विचारावं लागेल, पटवावं लागेल, काहीतरी सोडावं लागेल. लोक म्हणतात, मग नुसती भांडणं होतील, कामं अडतील. मी म्हणतो, मंगळवारी या. दिवसभर तीनशे दुकानं आणि त्यांची गिऱ्हाइकं भांडतात, आणि दिवस मावळेपर्यंत माल विकला गेलेला असतो. भांडून ठरलेला भाव दोघांनाही मान्य असतो. न भांडता लावलेल्या भावाला लूट म्हणतात.

मी हरकती गोळा करून राहिलो ही बातमी साहेबांपर्यंत जायला दोन दिवसही लागले नाहीत. त्यांनी मला बायपासवरच्या हॉटेलात भर दुपारी बोलावलं. चहा मागवला. मुलाबाळांची चौकशी केली. मग खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर टाकला आणि त्याच्याखाली हात घातला. "द्या हात," म्हणाले.

बैलबाजारात असाच सौदा होतो. कापडाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. साहेबांचे वडील बैलांचे दलाल होते. मी हात दिला. त्यांनी माझी दोन बोटं दाबली.

"दोन काय?"

"गाळे. संकुलात. एक कोपऱ्यावरचा."

मी व्यापारी आहे. भाव ऐकून घेतला. एक बोट मी स्वतः दाबलं असतं तर तीन झाले असते, हे मला माहीत होतं. दाबलं नाही. पण माझा अंगठा हलला होता, आणि ते साहेबांना कळलं. ते हसले. ते हसले म्हणूनच माझं मस्तक फिरलं. नसते हसले तर काय झालं असतं ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी पंचा ओढून बाजूला टाकला. चहाचे कप गेले. "उघड बोला," मी म्हणालो, "बाजाराचा सौदा बाजारात होऊ द्या."

"तुमच्या मागं कोण आहे?" साहेब म्हणाले. "शेळ्याच ना?"

"शंभरातली चौतीस," मी म्हणालो, आणि आलो.

पुढच्या मंगळवारी आम्ही मैदानावरच सभा घेतली. नाव दिलं नाही, परवानगी मागितली नाही. बांगड्यावाल्या चाचांचा भोंगा होता, दर मंगळवारी "बीस का डजन" ओरडणारा, त्यावरून अप्पा बोलले. सभेचे अध्यक्षही तेच. मी दोन गाळ्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, अंगठा हलल्याचंही. एक भाजीवाली मावशी म्हणाली, "आरं, मला इचारलं असतं तर म्या चार मागितले असते." तिला टाळ्या पडल्या.

मग एक कपडेवाला उठला आणि म्हणाला, "माझं मत वेगळं हाय. बायपासला जागा मोठी हाय. गाड्या लावता येतील. मला तिकडं चालंल." त्याच्यामागं पंधरा-वीस जण होते.

मी भोंगा हिसकायला निघालो. गद्दार हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. अप्पांनी भोंगा पाठीमागं धरला आणि लिहून घेणाऱ्याला सांगितलं, "त्यांचं पण लिहा. नीट लिहा."

"अप्पा, ही साहेबांची माणसं—"

"बस खाली. ज्याचं जेवढं तेवढं लिहायचं, असं तूच म्हणतोस ना?"

बसलो. जिभेला चटका बसल्यासारखं झालं. कपडेवाल्याच्या हरकतीत, म्हणजे हरकत नसल्याच्या अर्जात, पार्किंगचा मुद्दा चांगला होता, हे मी नंतर मान्य केलं. अप्पांपाशीच, एकटं असताना.

अर्जांचं गाठोडं घेऊन आम्ही गेलो तेव्हा नगरपंचायतीच्या दारात उभं राहायला जागा नव्हती. हरकतींवर निर्णय घ्यायची सभा तीन आठवड्यांनी लागली. या खेपेला बाकं भरली, जिना भरला, खिडक्यांतही माणसं होती. शिपाई कुणाकुणाचं कोपर धरणार?

साहेबांनी हरकतींचे विषय भराभर वाचले आणि म्हणाले, "हरकती विचारात घेतल्या, ठराव कायम. मंजूर?"

"मंजूर," असा आवाज झाला. मग त्या आवाजानंतर, जरा उशिरा, माझा शेजारी उभा राहिला. मी ज्याला शाळेत रोज मारायचो तोच तो.

"माझा विरोध आहे. लिहून घ्या."

साहेब लिपिकाकडं वळले. लिपिकाच्या पुढं छापलेला कागद होता. सभेच्या आधीच तयार केलेला. त्यावर शेवटी "सर्वानुमते मंजूर" असं टाइप केलेलं होतं. ते शब्द इतकी वर्षं तसेच असायचे की संगणकात बदलायची गरज कुणाला पडली नव्हती. लिपिकानं विचारलं, "साहेब, विरोध कुठं लिहू? जागाच नाही."

खिडकीतून काकूचा आवाज आला. "खोड की मेल्या ते! पेन न्हाई का तुझ्याकडं?"

मी आधी सांगितलं, तो भित्रा माणूस आहे. त्यानं साहेबांकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. मग "सर्वानुमते" वर रेघ मारून वर हातानं "बहुमताने" लिहिलं आणि बाजूला शेजाऱ्याचं नाव. दवाखान्यातून परतलेला विरोधी नगरसेवक उठला, म्हणाला, माझंही. मग दुसराही. तीन नावं. ठराव तरीही मंजूरच झाला.

पण तो कागद वर गेला, आणि वरच्या कचेरीतून पत्र आलं: विरोध व हरकती असताना त्यांवर काय विचार केला ते सविस्तर कळवा, तोपर्यंत काम सुरू करू नका. सविस्तर म्हणजे काय हे नगरपंचायतीत कुणालाच सुचत नसावं. काही महिने झाले, उत्तर गेलेलं नाही. बाजार मैदानावरच भरतो. मला त्याचा आनंद आहे, पण हा विजय मी मानत नाही. एका भित्र्या माणसाच्या पेनवर गाव अवलंबून असेल तर ते गाव कायद्यानं चालत नाही, नशिबानं चालतं. मला नशीब नको. मला माझ्या मतांच्या मापानं जागा पाहिजेत, आणि निवडणूक सरल्यावरही बोलायची जागा पाहिजे. शेजाऱ्याला पॅनेलमधून काढलंय. आता तो म्हणतो, पुढच्या खेपेला दोघं मिळून यादी करू. तसा कायदाच नाही, असं सांगितलं तर म्हणतो, तोवर आपण गल्लीत तरी करू.

बाजाराची सभा मात्र चालू राहिली. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, अप्पांचं दुकान उघडायच्या आधी. मागच्या सभेत भाजीवाल्या मावशीनं विषय काढला की शेळ्या-बोकडांच्या लेंड्या भाजीच्या पाट्यांजवळ येतात, वास येतो, गिऱ्हाईक थांबत नाही. हेडी लोकांनी मागच्या गटाराच्या बाजूला जावं.

मी भडकलो. "ह्या बाजारासाठी कुणी डोकं फोडून घेतलं? आणि मलाच गटाराकडं?"

"डोकं फोडलं म्हणून लेंड्यांचा वास जातो का, भाऊ?" मावशी म्हणाली.

हात वर झाले. भाजीवाले, कपडेवाले, भांडीवाले, चाचा, सगळे तिच्या बाजूनं. माझ्या बाजूनं आम्ही नऊ हेडी. अप्पांनी मोजलं आणि म्हणाले, "जावं लागेल बाबा."

"जातो," मी म्हणालो, "पण नऊ हात आहेत आमचे. फुकट जाणार नाही. गटारावर फरशी टाका. पाण्याची टाकी आमच्या बाजूला सरकवा. आणि दुपारी बारानंतर लिंबाची सावली आमची."

"सावली सगळ्यांची हाय," कपडेवाला म्हणाला.

"बारा ते तीन. नंतर तुमची."

"दोनपर्यंत."

"अडीच," मी म्हणालो. "जनावराला ऊन लागलं तर मरतं, तुमची साडी मरत नाही."

मावशी हसली. अप्पांनी लिहायला सांगितलं: फरशी मंजूर, टाकी पुढच्या सभेत बघू, सावली अडीचपर्यंत. वहीत हरकत म्हणून माझं नावही लिहिलं. मी ते वाचून घेतलं, माझ्या नावातली एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, आणि शेळ्या घेऊन मागच्या बाजूला गेलो.